सागाच्या ओंडक्याला शिक्का. वाघाचे चित्र मात्र बेवारशी!

माझे बालपण सागाच्या ओंडक्यांवर बसून गेले, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. वडील आलापल्लीच्या लाकूड डेपोवर कारकून होते. गडचिरोली हा तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. तो १९८२ साली झाला. तोपर्यंत आम्ही सारे चांद्याचेच. डेपोत ओंडक्यांच्या थप्प्या लागलेल्या असत आणि प्रत्येक ओंडक्याच्या कापल्या तोंडावर हॅमरचा ठसा उमटलेला असे. लोखंडी हातोड्याच्या तोंडावर उलटी अक्षरे कोरलेली. एक घाव घातला की ती लाकडात उतरत. मी एकदा वडिलांना विचारले, "एवढे ठोकत बसण्यापेक्षा रंगाने का लिहीत नाहीत?" ते म्हणाले, "रंग पुसता येतो, बाळ. घाव पुसायचा तर लाकूडच तासावे लागते. आणि तोंड तासलेला ओंडका चोरीचा, हे आंधळ्यालाही हाताने चाचपून कळते."

ही आठवण आज निघण्याचे कारण गेल्या दिवाळीतले आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून फराळाला बसलो, तो फोनवर शुभेच्छांचा मारा सुरू झाला. आमच्या मेहुण्यांनी धाडलेल्या एका शुभेच्छापत्रात पणत्यांच्या मधोमध ताडोब्याची वाघीण बसली होती. मागचे अंग पाणवठ्यात बुडवलेले, पुढचे पंजे काठावर, आणि तिच्या पाठीआडून डोकावणारा बछडा. चित्र मी तत्काळ ओळखले. ते मोहर्लीच्या एका तरुण गाइडने काढलेले आहे. मूळ चित्राच्या खालच्या कोपऱ्यात त्याचे नाव होते. शुभेच्छापत्रात ते नव्हते. वाघिणीच्या शेपटाच्या टोकासकट ती पट्टी कोणीतरी कापून टाकली होती आणि त्या जागी एका दुकानाचे नाव झळकत होते!

भाऊबीजेपर्यंत तेच चित्र मला सात जणांनी पाठवले. मी त्या पोराला फोन केला. तो हसला. म्हणाला, "सर, मलेही तिघांनी धाडला जी! माह्याच फोटोनं मले दिवाळीच्या शुभेच्छा!"

पण पुढचे त्याने सांगितले तेव्हा त्याला हसू आले नाही आणि मलाही नाही. कॅमेरा त्याने हप्त्यांवर घेतलेला. एका प्रकाशकाने हेच चित्र पुढच्या वर्षाच्या दिनदर्शिकेसाठी मागितले होते. मोबदलाही ठरला होता. मग निरोप आला की, हे चित्र तर जागोजाग फुकट फिरते आहे, त्याला पैसे कशाचे? आणि शिवाय, ते तुमचेच कशावरून? दोन महिन्यांचा हप्ता त्या एका प्रश्नाने बुडाला. ज्याच्या मालाला चोराने हात घातला त्यानेच मालकी सिद्ध करावी, हा न्याय आपण सागाच्या ओंडक्याला लावत नाही. चित्राला मात्र खुशाल लावतो.

आता चोर कोण, ते एकदा ठरवून टाकू. दुकानदार? पट्टी कापणारा त्याच्याकडचा पोऱ्या? ते तर आहेतच. पण वाचकहो, सात वेळा ते चित्र माझ्या हातात आले आणि पहिल्या दोनदा मीही 'वा, सुंदर!' एवढेच लिहून मोकळा झालो. 'शेपूट कुठे गेले?' असे एकालाही विचारले नाही. चोरीचा माल गल्लीतून जात असता जो दारात उभा राहून टाळ्या वाजवतो, त्याला साव म्हणण्याची आपल्याकडे चाल नाही. तेव्हा हा लेख दुकानदाराविरुद्ध थोडा आणि तुमच्या-माझ्याविरुद्ध अधिक आहे.

यावर सुशिक्षित मंडळींची उत्तरे ठरलेली असतात. पहिले उत्तर मोठे तात्त्विक. "अहो, वाघ तर निसर्गाचा! ताडोबा सर्वांचे! त्याच्या चित्रावर कोणा एकाची मालकी कसली?" ऐकायला हे फार गोड आहे. ताडोबा सर्वांचे आहे, हे खरेच. १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ साली अंधारीचे अभयारण्य जोडून व्याघ्रप्रकल्प झाला, तो कोणा एकासाठी नव्हे. पण वाघ सर्वांचा म्हणून वाघाचे चित्रही सर्वांचे, हे तर्कशास्त्र कुठले? अरुणोदय सर्वांचा आहे. म्हणून भूपाळी लिहिणाऱ्याचे नाव खोडून आपण आपले घालतो काय? वैशाखाच्या उन्हात, वानरांच्या आणि चितळांच्या इशाऱ्यांवर कान ठेवून, चौदा दिवस रिकाम्या हाताने परत येऊन पंधराव्या दिवशी जो क्षण त्या पोराने टिपला, तो वाघाने त्याला बक्षीस दिलेला नाही.

"मग चित्र वाघाचेच म्हणा," असे म्हणणारे विनोदवीरही असतात. तोही प्रयोग झालेला आहे! २०११ साली इंडोनेशियातल्या एका माकडाने डेव्हिड स्लेटर नावाच्या छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यावर स्वतःचेच चित्र काढले. पुढे प्राण्यांचा कैवार घेणाऱ्या संस्थेने त्या माकडाच्या वतीने अमेरिकेत दावा लावला. २०१८ साली तिथल्या अपील न्यायालयाने निकाल दिला की, स्वामित्वहक्काच्या कायद्याखाली जनावराला दावा लावता येत नाही. तेव्हा आमच्या वाघिणीनेही त्या दुकानदाराकडून काही वसूल होण्याची आशा सोडावी. पण मोहर्लीचा पोरगा माणूस आहे, आणि बटण त्याने दाबलेले आहे. आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा. त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. चित्र काढले की हक्क जन्माला येतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो काढणाऱ्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे त्याच्या नातवंडांचाही त्या वाघिणीवर अधिकार आहे.

दुसरे उत्तर अधिक व्यवहारी. "इंटरनेटवर टाकले म्हणजे ते फुकटच!" असे म्हणणाऱ्या गृहस्थांना मी विचारतो, तुमच्या ओट्यावर चकल्यांचे ताट वाळत ठेवले आहे, फाटक उघडे आहे, म्हणून ते रस्त्याने जाणाऱ्याचे झाले काय? दाखवणे निराळे आणि देणे निराळे. हा भेद आपल्याला मुळीच नवा नाही. 'मनोरंजन'कार मित्रांनी १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरांत चित्रे येतात. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठे आपल्या आईवडिलांनी फाडून भिंतीवर चिकटवली. पण कोपऱ्यातली 'दलाल' ही सही कातरून कोणी चिकटवल्याचे मला आठवत नाही. उलट ती सही दिसावी म्हणून चौकट थोडी मोठी करीत. तीच आपण माणसे. फोन हातात आला आणि कातरी सोपी झाली, एवढाच काय तो फरक!

आता शिक्क्याकडे वळू. चित्रात खूण उमटवण्याची कल्पना कागदातून आली आहे, आणि बांबू दळून कागद करणाऱ्या बल्लारपूरच्या मुलखाला ती कळायला वेळ लागू नये. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या फाब्रियानो गावच्या कागदकऱ्यांनी साच्याच्या जाळीवर तारेची आकृती शिवली. ओला लगदा त्या तारेवर किंचित पातळ बसला आणि वाळलेला कागद उजेडासमोर धरताच आकृती दिसू लागली. हेच जलचिन्ह, इंग्रजीत वॉटरमार्क. खिशातली नोट दिव्यासमोर धरा, गांधीजी दिसतील. चिन्ह कागदावर नाही, कागदात आहे. म्हणूनच ते खरवडून निघत नाही.

छायाचित्रांवर आज जे वॉटरमार्क दिसतात ते बहुतेक या कुळातले नव्हेत. ती नुसती रंगाने लिहिलेली नावे आहेत. कोपऱ्यात लिहिले तर कोपरा कापतात. म्हणून काही हौशी छायाचित्रकार आता वाघाच्या भर तोंडावर आपले नाव मोठ्या अक्षरांत लिहू लागले आहेत. त्यांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. महाराज, लोक वाघ बघायला आले आहेत, तुमची पाटी वाचायला नव्हे! आणि एवढे करूनही चोर थांबतो असे नाही. २०१७ साली गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिले की, एकच खूण जर शेकडो चित्रांवर जशीच्या तशी उमटवली, तर संगणक त्या चित्रांची तुलना करून खुणेचा आकार अचूक शोधतो आणि सर्व चित्रांवरून ती उतरवून ठेवतो. दर चित्रात खूण किंचित वाकडी-तिकडी केली तर मात्र त्याला ते जड जाते, असेही त्यांनीच सांगितले. म्हणजे चित्राची शोभा घालवूनही चोर मोकळा राहू शकतो.

खरे जलचिन्ह दिसत नाही. संगणकाच्या लेखी चित्र म्हणजे आकड्यांचे शेत. प्रत्येक ठिपक्याला तांबड्या, हिरव्या आणि निळ्या रंगाचे तीन आकडे, शून्यापासून २५५ पर्यंत. दोनशेचे दोनशेएक केले तर कोणाच्या डोळ्याला कळणार? असे एकेकाचे फरक ठरावीक संकेताने लाखो ठिपक्यांत पेरले की त्यांतून नाव लपवता येते, आणि ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला ते वाचता येते. पण ही पेरणी वरवरची. फोनवरून चित्र पाठवताना ते आक्रसते. डोळ्याला न कळणारे बारीक फरक त्यात टाकून दिले जातात आणि त्यांच्याबरोबर आपले नावही जाते. मग १९९७ साली इंगेमार कॉक्स आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यातला विचार माझ्या वडिलांना फार आवडला असता. ते म्हणाले, खूण चित्राच्या बिनमहत्त्वाच्या भागात लपवू नका. जो भाग काढला तर चित्रच बिघडेल, त्यातच ती विखरून टाका. उजेड-अंधाराच्या ज्या मोठ्या लाटांनी चित्र बनते, त्या लाटांतच ती किंचित मिसळा. वरणात मीठ पडले की ते वेचून काढता येत नाही. नको असेल तर वरणच ओतावे लागते. घाव पुसायचा तर लाकूड तासावे लागते, हे डेपोवरचे शहाणपण इथे गणिताच्या भाषेत आलेले आहे.

"पण हे सारे मोडता येते म्हणे!" हे तिसरे उत्तर. होय, मोडता येते. त्याच १९९७ साली केंब्रिजमध्ये फाबियान पेटिकोला आणि मार्कुस कून यांनी एक आज्ञावली तयार केली. ती चित्र अगदी थोडे ताणी, थोडे वाकवी. डोळ्याला फरक दिसत नसे, पण त्या काळच्या अनेक अदृश्य खुणा तेवढ्याने वाचेनाशा होत. शिवाय लबाड माणूस आपलीही खूण वरून ठोकू शकतो. म्हणून छायाचित्रकाराने कॅमेऱ्यातली मूळ फाइल जिवापाड जपली पाहिजे. दोन शिक्क्यांत आधीचा कोणता, ते तीच सांगते. चित्राच्या फाइलीला चिकटलेली नाव-तारखेची चिठ्ठीही भरावी, जरी निरोपांच्या अ‍ॅपवरून जाताना ती बहुधा गळून पडते. मात्र त्या चिठ्ठीत जागेचा पत्ता राहू देऊ नये. तो पर्यटकाला उपयोगी तसा शिकाऱ्यालाही.

पण मोडता येते म्हणून नकोच, हा युक्तिवाद मला समजत नाही. कुलपे फोडता येतात. म्हणून दिवाळीला गावी जाताना आपण दार सताड उघडे ठेवतो का? शिक्क्याचे काम चोरी अशक्य करणे हे नाही. चोरी ही चोरी आहे, चूक नव्हे, हे ठरवणे त्याचे काम. कायद्यालाही हे कळते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे त्रेसष्टावे कलम काढून पाहा. झाडावरची किंवा लाकडावरची वनअधिकाऱ्याची खूण वाईट हेतूने जो खोटी उमटवील, बदलील वा पुसून टाकील, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. आता स्वामित्वहक्काच्या कायद्यात २०१२ साली घातलेले पासष्ट-ब हे कलम काढा. कर्त्याचे नाव, मालकाचा पत्ता, किंवा ती माहिती दर्शवणारा आकडा वा संकेत जो जाणूनबुजून, परवानगीवाचून काढील वा बदलील, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. ओंडका आणि चित्र यांची किंमत कायद्याने एकाच काट्यावर तोलली आहे! आणि पुढचे वाक्य तर मेहुण्यांना मोठ्याने वाचून दाखवण्यासारखे आहे. इलेक्ट्रॉनिक खूण काढलेली आहे हे ठाऊक असूनही जो परवानगीवाचून असे चित्र लोकांत पसरवील, तोही त्याच शिक्षेला पात्र आहे.

कायदा आहे, गणित आहे. मग अडते कुठे? अडते ते आपल्या मनात. बल्लारपूरच्या नाक्यावर सागाने भरलेला ट्रक वाहतूक परवान्याशिवाय उभा दिसला तर आपण पोलिसांना सांगतो. याच जंगलाचे सागवान २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी वाजतगाजत गेले, तेव्हा आपण अभिमानाने छाती फुगवली. लाकूड ही संपत्ती, हे पटलेले आहे. चित्र ही कमाई, हे अजून पटायचे आहे.

आणि प्रश्न केवळ त्या पोराच्या हप्त्याचा नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात ब्रह्मपुरीच्या वनविश्रामगृहाबाहेर वाघाने माणूस ओढून नेल्याची एक चित्रफीत घरोघरी फिरली. ती संगणकाने रचलेली, निव्वळ बनावट होती. वनखात्याला तसे जाहीर करावे लागले. चंद्रपूर-गडचिरोलीत वाघाच्या हल्ल्यात माणसे खरोखर मरतात. तेंदूपाने आणि मोहफुले वेचायला गेलेली बाई संध्याकाळी परत येईल की नाही, ही इथल्या घरांची खरी धास्ती आहे. अशा मुलखात खोटा वाघ सोडणे म्हणजे भरल्या बाजारात 'आग, आग' ओरडणे. आणि चार वेळा खोटे ओरडले की पाचव्या वेळी खऱ्या आगीलाही कोणी धावत नाही. हे चित्र कोणी, कोठे, कशाने काढले, हे सांगणारी खूण चित्रातच असेल, तर खऱ्याला खरे म्हणता येईल. गूगलने २०२३ पासून आपल्या यंत्राने रचलेल्या चित्रांत अशी अदृश्य खूण घालायला सुरुवात केली. जे खोट्यासाठी चालू झाले, ते खऱ्यासाठी आपण कधी करणार?

निसर्गाने तर हे काम केव्हाच करून ठेवले आहे. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. पट्टे हेच वाघाचे जलचिन्ह. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले, साडेतीन कोटींच्या आसपास चित्रे निघाली, त्यांत ७६,६५१ वाघांची. आणि त्या पट्ट्यांवरून वाघ एकेक करून ओळखले गेले. कोणता वाघ, हे आपण सांगू शकतो. कोणाचे चित्र, हे सांगता येत नाही!

एवढे बोलल्यावर छायाचित्रकारांची बाजू घेतली म्हणून ते खूश होतील. त्यांनी जरा थांबावे. शिक्क्याला दोन बाजू असतात. भामरागडच्या एखाद्या माडिया आजीचे चित्र काढायचे, तिच्या गोंदलेल्या कपाळावर आपले नाव उमटवायचे, ते प्रदर्शनात मांडायचे आणि चित्राखाली लिहायचे 'आदिवासी स्त्री'! हक्क तुमचा आहे, कायदा तसेच म्हणतो. पण तिला विचारले होते का? विचारले असेल आणि तिने होकार दिला असेल, तर तिचे नाव का नाही? आणि ज्या गाइडने मातीतले पाऊल वाचून तुम्हाला वाघापाशी नेले, त्याचे नाव तुमच्या चित्राखाली कधी येते? आपले नाव कापले गेले म्हणून जो ओरडतो, त्याने दुसऱ्याचे नाव गिळू नये. माझा मोहर्लीचा मित्र आता आपल्या चित्राखाली जिप्सी चालवणाऱ्या काकांचे नावही घालतो. हप्ते थकलेल्या माणसाला जे सुचते, ते मोठाल्या भिंगांच्या मालकांना सुचायला हरकत नाही.

वाचकहो, दिवाळीच्या दिवशी एवढे कडू बोलल्याबद्दल रागावू नका. अभ्यंगाआधी कारीट फोडतातच. मागणे फार नाही. संपादकांनी चित्राखाली नाव छापावे आणि मानधन द्यावे. दुकानदारांनी आणि पुढाऱ्यांनी आपल्या फलकांवर वाघ हवा असेल तर विचारून घ्यावा; ही पोरे नाही म्हणत नाहीत, आणि मागतात तेही फार नसते. छायाचित्रकारांनी वाघाचे तोंड मोकळे सोडावे, खूण आत पेरावी आणि मूळ फाइल सांभाळावी. आणि आपण? आपण फक्त अंगठा थोडा आवरावा.

या दिवाळीतही तुमच्या फोनवर वाघ येईल, नक्की येईल. तो पुढे ढकलण्याआधी त्याच्या पायाशी नाव आहे का, ते पाहा. नसेल तर पाठवणाऱ्याला विचारा, मग तो सख्खा मेहुणा का असेना. आणि वाघिणीचे शेपूट अर्धेच दिसले, तर समजा की लाकूड तासलेले आहे.